सकाळी स्वेटर, दुपारी ताक, संध्याकाळी ढग

फाल्गुन लागला की माझ्या दवाखान्याच्या बाकावर दरवर्षी एक गमतीचे दृश्य दिसते. सकाळी नऊला येणाऱ्या पेशंटच्या अंगात स्वेटर आणि कानाला मफलर असतो. दुपारी एकला येणारा घाम पुसत आधी पंख्याखालची जागा शोधतो. संध्याकाळी सहाला येणारा दारातूनच मागे वळून आभाळाकडे पाहतो आणि म्हणतो, "जरा लवकर सोडा डॉक्टरसाहेब, रानात हरभरा उघडा पडलाय." तिघांचा गाव एक, दिवसही एक. ऋतू मात्र तीन!

"होळी जळाली, थंडी पळाली" असे आपल्याकडे म्हणतात. म्हण चांगली आहे, पण ती हवेने ऐकलेली नाही. होळीच्या मागचे-पुढचे पंधरा दिवस आपल्या मराठवाड्यात हवा कोणाचेच ऐकत नाही. आणि याच दिवसांत माणसे स्वेटर, औषधे, काळजी असे सगळे एकदम गुंडाळून ट्रंकेत टाकतात. त्याचे काय होते, हे मला एका गुरुजींनी शिकवले. ती गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्यात चूक माझीही होती.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट. दमा वीस वर्षांपासूनचा. दिवाळीनंतर त्यांना सकाळ-संध्याकाळ इनहेलर घ्यावा लागतो. चार वर्षांपूर्वी माघात ते तपासायला आले. छाती स्वच्छ, झोप चांगली, स्वारी खुशीत. त्यांनी विचारले, "हे फुसफुस प्रकरण अजून किती दिवस?" बाहेर गर्दी होती. मी कागदावर लिहिता लिहिता म्हणालो, "थंडी जाऊ द्या. उन्हाळा लागला की कमी करू."

पुढच्याच पंधरवड्यात पारा ३५ अंशांवर गेला. गुरुजींच्या हिशेबाने उन्हाळा लागला. त्यांनी रजई उन्हात टाकून बांधून ठेवली आणि इनहेलर कपाटात ठेवला. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी एकाएकी वारा सुटला. धूळ उडाली. शेजारच्या खळ्यावर हरभऱ्याची मळणी चालली होती, तिचा भुसा सगळा अंगणात आला. मग विजा, चार थेंब आणि एकदम गारवा. रात्री साडेदहाला त्यांचा मुलगा आणि पुतण्या त्यांना मोटारसायकलवर मधे धरून घेऊन आले. गुरुजींना एक वाक्य पुरे करता येत नव्हते. ओठ निळसर झाले होते. वाफेचे औषध, ऑक्सिजन, इंजेक्शन सगळे केले आणि १०८ ची गाडी बोलावून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. चार दिवस तिथे राहून ते घरी आले. पण ती रात्र मी आणि त्यांच्या घरची मंडळी विसरणार नाही.

बरे झाल्यावर ते आले तेव्हा रागावलेले नव्हते. शिक्षकाच्याच सुरात म्हणाले, "डॉक्टर, उन्हाळा लागला की कमी करू, असं तुम्ही म्हणाला होतात. तो कोणत्या तारखेला लागतो हे सांगायचं राहिलं."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे तर त्या दिवशी सकाळी मी पेपरात हवामानाचा अंदाज वाचला होता. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट व सोसाट्याचा वारा' असे त्यात स्वच्छ लिहिले होते. तो वाचून मी घरात सांगितले होते, की गच्चीवरचे पापड आणि कुरडया दुपारीच काढून घ्या. पापड वाचले. गुरुजींना मात्र एक फोन करावा, हे मला सुचले नाही.

तेव्हापासून मी हवामानाचा अंदाज पापडांसाठी वाचत नाही, पेशंटसाठी वाचतो. तो कसा वाचावा, हे आज वाचकांना सांगायचे आहे.

हवा अशी का वागते?

फेब्रुवारी सरता सरता सूर्य उत्तरेकडे सरकू लागलेला असतो. दिवस मोठा होतो आणि जमीन दुपारी चांगली तापते. पण हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे रात्री ही उष्णता भराभर निघून जाते. म्हणून दुपार उन्हाळ्याची आणि पहाट हिवाळ्याची, असा प्रकार होतो.

त्यात भर पडते ती दुरून येणाऱ्या वाऱ्यांची. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले पश्चिमी विक्षोभ या दिवसांतही उत्तर भारतावरून जात असतात. त्यांच्यामागे उत्तरेची थंड हवा येते. दुसरीकडून बंगालच्या उपसागरावरचे वारे बाष्प आणतात. ही थंड-कोरडी आणि ही दमट-उबदार हवा मध्य भारतावर एकमेकींना भेटली आणि खाली जमीन तापलेली असली, की ढग उंच उभे राहतात. मग वारा, विजा, पाऊस आणि कधी गारा. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्राला गारपिटीने कसे झोडपले, हे शेतकरी विसरलेला नाही. २०२३ साल घ्या. तो फेब्रुवारी दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वांत उष्ण ठरला, आणि लगेच मार्चच्या मध्यात राज्यात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या. त्याच दिवसांत इन्फ्लुएन्झाच्या एच३एन२ या विषाणूची साथही होती. ऊन, पाऊस आणि ताप, तिन्ही एकाच महिन्यात.

अंदाजातले दोन आकडे

बहुतेक लोक कमाल तापमान तेवढे वाचतात. माझे सांगणे आहे, की या आठवड्यात किमान तापमानही वाचा आणि दोन्हींची वजाबाकी करा. किमान १५ आणि कमाल ३५ असेल तर फरक झाला २० अंशांचा. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, पण रात्रही गरमच असते. आता तसे नाही. किमान तापमान साधारणपणे सूर्योदयाच्या सुमारास असते आणि कमाल दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. म्हणजे आठ-नऊ तासांत आपले शरीर वीस अंश चढून जाते आणि रात्री तेवढेच उतरते.

तरुण, धडधाकट माणसाला याचे काही वाटत नाही. पण म्हातारी माणसे, तान्ही बाळे, दमेकरी, हृदयरोगी आणि मधुमेही यांना हा चढउतार जाणवतो. साधा उपाय म्हणजे पहाटे फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी या दिवसांत तासभर उशिरा, ऊन अंगावर आल्यावर निघावे. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ कपडे घालावेत, म्हणजे ऊन वाढले की एक काढता येतो. रात्री झोपताना गरम होते म्हणून पंखा जोरात लावून पांघरूण लाथाडले जाते आणि पहाटे चारला अंग गार पडते. लहान मुलांच्या बाबतीत घरातल्या मोठ्यांनी पहाटे एकदा उठून पांघरूण पाहावे.

आणखी एक गोष्ट. पेपरातले तापमान हवामान केंद्रात सावलीत, झडपांच्या लाकडी पेटीत मोजलेले असते. ३५ अंश म्हणजे सावलीतले ३५. भर उन्हात कापणी करणाऱ्या बाईला किंवा पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या आजीला त्याहून जास्त सोसावे लागते.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे काय?

अंदाजात पाऊस सांगितला आणि आपल्या गावात थेंब पडला नाही, की आपण हवामान खात्याला हसतो. पण 'तुरळक ठिकाणी' या शब्दांचा अर्थ ठरलेला आहे. विभागातल्या जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर पाऊस होईल, असा तो अर्थ. म्हणजे परभणीत ऊन आणि पाथरीत गारा, असे झाले तरी अंदाज चुकला नाही. आज आपला गाव सुटला, उद्या सुटेलच असे नाही.

तसेच रंगांचे. हिरवा म्हणजे काही करण्याची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता पाऊल उचला. मराठवाड्याचा अंदाज मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतो, तर शेजारच्या विदर्भाचा नागपूरहून. शिवाय परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेतकऱ्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला निघतो. तो पिकासाठी असतो हे खरे, पण शेतात पिकाबरोबर माणूसही उभा असतो. शेतकऱ्याने तो स्वतःसाठीही वाचावा.

वारा सुटणार असेल तर

'ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाचा वारा' असे वाचले की दमेकऱ्याने सावध व्हावे. या दिवसांत पानगळ झालेली असते, रस्ते कोरडे असतात, मळण्या चालू असतात, अनेक झाडे फुलावर असतात. वाऱ्याबरोबर धूळ, भुसा आणि परागकण सगळेच उडते. वादळी पावसाच्या आधी सुटणारा गार वारा हे सगळे खाली, आपल्या नाकातोंडाच्या उंचीवर आणून सोडतो.

हा केवळ माझा अनुभव नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी असेच वादळ आले. त्यांचा तो वसंत ऋतू. काही तासांत हजारो लोक धाप लागून रुग्णालयांत गेले आणि दहा जण दगावले. तिथे कारण गवताचे परागकण होते. आपल्याकडचे गवत वेगळे, झाडे वेगळी. पण वादळ आणि दमा यांचे नाते खरे आहे, हे त्या रात्रीने जगाला दाखवले.

म्हणून दमेकऱ्यांना तीन सूचना. पहिली, नियमित घेण्याचा इनहेलर स्वतःच्या मनाने बंद करू नका. तो आग लागू नये म्हणून घ्यायचा असतो. ऊन पडले म्हणून बंद करायचे ते छत्रीचे काम, इनहेलरचे नाही. दुसरी, तातडीचा इनहेलर खिशात ठेवा, कपाटात नको. तो उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवू नका. तिसरी, वाऱ्याची सूचना असेल त्या संध्याकाळी घरात राहा, दारे-खिडक्या लावून घ्या. खळ्यावर जावेच लागले तर नाकातोंडाला मास्क किंवा ओला रुमाल बांधा. होळीच्या धुरापासूनही दूर राहा. प्रदक्षिणा घरच्या दुसऱ्या कोणी घातली तरी चालते.

बोलताना वाक्य तुटू लागले, ओठ निळे दिसले किंवा तातडीच्या इनहेलरने आराम पडला नाही, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

सर्दी-ताप आणि कांजिण्या

"हवा बदलली म्हणून ताप आला," असे पेशंट सांगतात. आयुर्वेदानेही वसंतात कफ वाढतो असे म्हटले आहे. आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ताप हवेमुळे नव्हे, विषाणूमुळे येतो. पण कोरड्या, गार हवेत काही विषाणू जास्त टिकतात आणि पहाटे बंद खोलीत एकत्र झोपलेल्या माणसांत ते सहज पसरतात. आपल्या देशात इन्फ्लुएन्झाचा एक जोर पावसाळ्यात असतो आणि दुसरा साधारण जानेवारी ते मार्च.

अशा तापाला विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि पॅरासिटॅमॉल एवढे बहुधा पुरते. विषाणूवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. "डॉक्टर, एखादी स्ट्राँग गोळी द्या" हा आग्रह सोडा. मात्र ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, धाप लागली, छातीत दुखले, मूल खाईना-पिईना किंवा सुस्त पडले, तर लगेच दाखवा. ज्येष्ठांनी आणि दमेकऱ्यांनी दरवर्षीच्या फ्लूच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे.

याच महिन्यांत कांजिण्याही येतात. अंगावर 'देवी आल्या' म्हणून घरी कडुनिंबाचा पाला टाकतात. पाल्याने बिघडत नाही, पण डॉक्टरकडे न जाणे मात्र बिघडवते. आंघोळ चालते, अंग स्वच्छ ठेवावे, नखे कापावीत. तापासाठी मुलाला ॲस्पिरिन कधीही देऊ नये. घरात गरोदर बाई असेल आणि तिला पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील तर तिला लांब ठेवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे.

पहिले ऊन सर्वांत वाईट

मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान निदान ४० अंशांवर जावे लागते. म्हणून ३६-३७ ला कोणी घाबरत नाही. पण शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. मे महिन्यातला मजूर सरावलेला असतो, फाल्गुनातला नसतो. त्यामुळे हे पहिले ऊन बाधते. डोके दुखणे, पोटऱ्यांत गोळे येणे, चक्कर, उलटी असे पेशंट आतापासूनच येतात.

कापणी सकाळी लवकर आणि उन्हे कलल्यावर करावी. तहान लागण्याआधी पाणी प्यावे. ताक, पन्हे, लिंबू-पाणी उत्तम. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसची पुडी पाण्यात कालवावी. पुडीवर जेवढे पाणी लिहिले असेल तेवढेच घ्यावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. चक्कर येऊ लागली तर गोळी परस्पर बंद न करता रक्तदाब मोजून घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांकडे फ्रिज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीतल्या मातीच्या ओल्या माठात ठेवावी.

ढगांकडे पाहून धावताना

आभाळ भरून आले की शेतकरी ताडपत्री घेऊन रानाकडे धावतो. त्याचे दुःख मला कळते. वर्षाचे पीक उघड्यावर असताना घरात बसा म्हणणे सोपे आहे. पण काढलेला माल झाकण्याचे काम सकाळी, अंदाज वाचून करता येते. संध्याकाळी विजा चमकताना करू नये.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तीसच्या आत आवाज आला तर वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असे समजा. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. एकट्या झाडाखाली, उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा विहिरीजवळ थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर विजेची सूचना देते. घरातल्या शिकलेल्या मुलाने ते वडिलांच्या फोनवर घालून द्यावे.

कोणावर वीज पडलीच तर एक लक्षात ठेवा. त्याच्या अंगात वीज राहत नाही. हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, सुमारे पाच सेंटिमीटर खाली जाईल असे, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. विजेने हृदय थांबलेली माणसे अशा उपायाने वाचू शकतात. शेणात पुरणे, मातीत ठेवणे यात मोलाचा वेळ जातो.

गुरुजींचे कॅलेंडर

गुरुजी आता बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकटीत बारीक सुवाच्य अक्षरात तीन आकडे असतात. किमान, कमाल, आणि त्यांच्या श्वासाचा जोर मोजणाऱ्या छोट्या नळीवरचा आकडा. वाऱ्याची सूचना असेल त्या दिवसाला लाल फुली. ज्या दिवशी फुली, त्या दिवशी गुरुजी संध्याकाळी देवळात जात नाहीत.

गेल्या आठवड्यात ते आले आणि मिश्कीलपणे म्हणाले, "काय डॉक्टर, लागला का उन्हाळा?"

मी त्यांच्या कॅलेंडरची पाने चाळली. दमा साधारण तीन महिने पूर्ण आटोक्यात राहिला, तरच औषध कमी करण्याचा विचार करतात, तोही हळूहळू, आणि हवा व साथी शांत असतील असा मुहूर्त पाहून. या धरसोडीच्या आठवड्यात तो मुहूर्त नाही.

"नाही गुरुजी," मी म्हणालो. "आणि या वेळी तारीख सांगतो. वीस एप्रिलला या. तेव्हाही मी आभाळाकडे पाहणार नाही, तुमची छाती तपासणार आहे."

त्यांनी खिशातून पेन काढले आणि वीस एप्रिलच्या चौकटीत माझे नाव लिहिले. वाचकहो, तुमच्या घरातही दमा, रक्तदाब किंवा मधुमेहाचे औषध चालू असेल, तर ऋतू बदलला म्हणून ते परस्पर बदलू नका. तुमच्या डॉक्टरांनी माझ्यासारखे मोघम उत्तर दिले, तर न लाजता तारीख विचारा.